सावलीचं ताट

१

सकाळी उठल्यावर शिगेचं पहिलं काम कढणात घालायचा मिसो, सोयाबीनचा आंबवलेला खारा गोळा, वाटायचं. आतून रेघारेघांचं मातीचं कुंडं ती दोन्ही गुडघ्यांत घट्ट धरायची आणि तिरफळाच्या लाकडाचा दांडा गोल गोल फिरवायची. घर्र घर्र, घर्र घर्र. डोंगरातल्या त्या गावात कोंबड्यांची कुणाला फारशी गरज नव्हती. घराघरातून ही घरघर सुरू झाली की उजाडलं असं समजायचं.

मिसो वाटून झाला की ती आगटीतला विस्तव फुंकणीने फुलवायची. आगटीवर आढ्यापासून आकडा लोंबत असे, त्याला हंडा. एका हंड्यात भात, दुसऱ्यात मुळ्याचं नाहीतर सलगमच्या पाल्याचं कढण. भात म्हणायचा तो आपला उगाच तोंडभरून. तांदूळ त्यात औषधापुरता, बाकी सगळी वरी.

मग ती जेवणाच्या पेट्या मांडायची. ज्याची त्याची लाकडी पेटी, आत ज्याचा त्याचा वाडगा आणि खायच्या काड्या. पेटीचं झाकण उलटं ठेवलं की त्याचंच ताट होतं. एक पेटी नवऱ्याची, तोमेझोची. एक तिची. आणि खिंडीकडच्या खिडकीशी तिसरी, योनेची.

योने त्यांची एकुलती एक पोर. डोंगरापलीकडच्या रेशमाच्या कारखान्यात ती धागे काढायला जात असे. बर्फ वितळायला लागला की जायची आणि वर्षअखेरीला परत यायची. ती नसताना शिगे तिच्या पेटीवर झाकणाच्या लाखी वाडग्यात कढण वाढायची, शेजारी भाताचा मुठीएवढा ढीग. त्याला सावलीचं ताट म्हणत. घरचं माणूस दूर गेलं की त्याच्या नावाने ते वाढायचं, म्हणजे ते जिथं असेल तिथं उपाशी राहत नाही. आपलं जेवण झालं की झाकण उचलून उलटं करायचं. आतल्या बाजूला थेंब जमलेले असले की आपलं माणूस खुशाल आहे.

गरम कढणावर झाकण ठेवलं तर थेंब जमणारच, एवढं शिगेलाही कळत होतं. ती काही खुळी नव्हती. पण रोज ते झाकण उलटं करून थेंब दिसले की तिला हायसं वाटायचं. मग ती ती वाटणी नवऱ्याच्या नाहीतर आपल्या वाडग्यात ओतून घ्यायची. टाकून द्यायची ऐपत कुणाची होती!

“अगं शिगे,” शेजारची हात्सू तिला चिडवायची, “तुझी पोर तिकडे खारवलेला मासा खात असेल, आणि तू इथं वरीचे डोंगर रचून बसलीस. ठसका लागेल तिला.”

“लागू दे,” शिगे म्हणायची. “ठसका लागला की आईची आठवण तरी येईल.”

हात्सू हसायची. तिची मुलगी कुनी, तीही त्याच कारखान्यात होती, आणि सावलीचं ताट तिच्याही घरी वाढलं जात होतं.

२

त्या वर्षी पोरी खिंडीतून उतरल्या तेव्हा बर्फाचं वादळ सुटलं होतं. एकमेकींच्या कमरेला पट्टे बांधून, आंधळ्यांच्या माळेसारख्या त्या गावात शिरल्या. कुनी आली. योने नव्हती.

“दरीपलीकडं तिच्या वहाणेची वादी तुटली, काकू,” कुनी दात वाजवत म्हणाली. “म्हणाली, बाबांच्या खोपीत बसून बांधते, तुम्ही व्हा पुढं. आम्हाला वाटलं, येईलच मागनं.”

दरीच्या पलीकडच्या अंगाला तोमेझोची कोळसा पाडायची खोप होती. तिथून फळ्यांचा पूल ओलांडला की गावची वाट. एरवी योने ती वाट उड्या मारत आली असती. पण त्या रात्री घराबाहेर स्वतःचा हात दिसत नव्हता. सकाळी तोमेझो निघाला तो छातीएवढ्या बर्फातून अर्ध्या वाटेवरनं परत आला. शिगेने सावलीचं ताट वाढलं होतं. झाकण उलटं केलं, थेंब होते. तेवढ्यावर तिने तो दिवस काढला.

दिवस कलताना दार सरकलं. योने उभी होती. केसांवर बर्फ, ओठ निळे, हातात काही नाही.

“आई,” ती म्हणाली, “भूक लागलीय.”

शिगेने तिला कवटाळलं. पोर थंडीने लाकूड झाली होती, पण श्वास चालू होता, आणि कुशीत ती अगदी पूर्वीच्याच जागी मावली. तोमेझो तोंड फिरवून नाक शिंकरत राहिला. असल्या माणसांना रडायचंही धड येत नाही.

“आणि तुझं बोचकं?” त्याने विचारलं.

“वाटेत ठेवलं.”

“राहू दे, राहू दे. तू आलीस ना!”

नव्या वर्षासाठी राखलेला पांढरा तांदूळ शिगेने त्याच संध्याकाळी शिजवला. योने एकामागून एक वाडगे रिते करत होती. गरमागरम कढण ती फुंकर न घालता प्यायली. शिगेचं काळीज हललं. कारखान्यात उकळत्या पाण्यात हात घालून कोशातला धागा काढायचा, गिळायला सुद्धा फुरसत नाही. पोरीला पोळणं म्हणजे काय हेही आठवत नसेल.

दुसऱ्या सकाळी शिगेने योनेची पेटी योनेपुढे ठेवली. आपली मांडली, नवऱ्याची मांडली. आणि मग तिच्या हाताने, त्या सवयीच्या गुलामाने, झाकणाचा वाडगा काढला, भरला, झाकला आणि खिडकीशी नुसत्या फळीवर नेऊन ठेवला.

तोमेझो खो खो हसला. “अगं, सावली कुणाची वाढतेस? पोर समोर बसलीय!”

“बाई गं!” शिगेही हसली. माणूस परत आलं की त्याच दिवशी तो वाडगा धुऊन फडताळात ठेवायचा असतो. आनंदाच्या भरात ती ते साफ विसरली होती. तिने झाकण उचललं. आत थेंबच थेंब. उलटं करताच ते घरंगळून तिच्या मनगटावर आले. गरम कढण, थेंब येणारच, ती मनाशी म्हणाली.

योने हसली नव्हती. ती त्या वाडग्याकडे बघत होती.

“ते उरलंय का, आई?” तिने विचारलं.

३

शिगेच्या लग्नात झाकणाचे लाखी वाडगे आले होते ते दोनच. एक सावलीसाठी, दुसरा सणासुदीसाठी. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी तिने सणाच्या वाडग्यात योनेला कढण वाढलं, वर एक उकडलेला चेस्टनट. योने अंगावरचं आवरत होती, म्हणून वाडगा झाकून ठेवला होता. ती आली, झाकण काढून तिने बाजूला उताणं ठेवलं.

झाकण कोरडं होतं.

शिगेने ते उचलून बघितलं, बोट फिरवलं. आतली लाख गुळगुळीत, जणू फडताळातून नुकतं काढलेलं. झाकण वाकलं असेल, तिला वाटलं. फटीतून वाफ निघून गेली असेल. जुनी वस्तू, लाकूड ते लाकूडच.

मनात आलेली शंका म्हणजे दातात अडकलेलं कूस, जीभ पुन्हा पुन्हा तिथंच जाते. दुसऱ्या दिवशी तिने एकाच हंड्यातून, एकाच डावाने दोन्ही वाडगे भरले. एक योनेच्या पेटीवर ठेवला, एक खिडकीशी. नवऱ्याने भुवया उंचावल्या, तर म्हणाली, “सवय आहे, जाईल हळूहळू.” खिडकीशी गारठा होता, आगटी लांब होती. तरी खिडकीतलं झाकण ओलं झालं, आणि आगटीजवळचं कोरडं.

तिने झाकणं बदलून पाहिली. मग वाडगे बदलून पाहिले. मग योनेला खिडकीशी बसवलं आणि सावलीचं ताट आगटीजवळ आणलं. कोरडेपणा झाकणाच्या मागे गेला नाही, वाडग्याच्या मागे गेला नाही, जागेच्याही मागे गेला नाही. तो योनेच्या मागोमाग फिरत होता.

आणखी एक बारीकशी गोष्ट होती. लहानपणापासून योनेला खोड होती. कढण संपलं की ऊनऊन वाडगा ती गालाला लावून बसायची, आधी या गालाला, मग त्या. शिगे दर वेळी ओरडायची, “अगं, तोंड भरेल!” आताची योने वाडगा रिता झाला की सरळ पुढे करायची.

माणसं मोठी होतात, खोडी सुटतात, शिगे स्वतःला समजावत होती. मन चिंती ते वैरी न चिंती.

४

गावाच्या पन्हळीवर हात्सू लाल सलगम धूत बसली होती. पाण्यावर बर्फाची साय होती, ती तिने मुठीने फोडली.

“पोर कशी आहे गं? बाहेर दिसली नाही ती.”

“थकलीय. खाते आणि बसते.”

“खाऊ दे. आमची ही कुनी तर सारखी नाक मुरडते, तिकडचं मीठ बरं होतं म्हणे. आईच्या हातचं खारट लागायला लागलं की समजावं, पोरगी लग्नाची झाली!” हात्सू स्वतःच्याच बोलण्यावर हसली. मग म्हणाली, “पूल गेला, कळलं ना? आमचे हे बघून आले. वरचा कडा कोसळला आणि फळ्याबिळ्यांसकट सगळं दरीत. आता बर्फ वितळेपर्यंत तिकडचं तिकडं, इकडचं इकडं.”

“कधी गेला?”

“वादळाच्या रात्री. आमची कुनी आली ना, त्याच रात्री. केवढा आवाज झाला! भांडी हलली आमची. तू नाही ऐकलास?”

शिगेने ऐकला होता. तिला वाटलं होतं, छपरावरचा बर्फ घसरला. ती म्हणाली, “पण योने तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली.”

हात्सूचे हात पाण्यातच थांबले.

“मग दुसऱ्या रात्री गेला असेल,” ती म्हणाली आणि सलगम पुन्हा खसाखसा घासू लागली. “माझं काय घेऊन बसलीस! उचलली जीभ लावली टाळ्याला.”

पण त्यानंतर ती शिगेच्या डोळ्यांकडे बघेना. निघताना तिने चार सलगम शिगेच्या टोपलीत टाकले. “पोरीला घाल,” असं काही ती म्हणाली नाही. नुसते टाकले आणि गेली.

५

घरी योने मिसो वाटत होती. कुंडं गुडघ्यांत, दांडा हातात, घरघर अगदी शिगेसारखीच. शिगेने शिकवल्यासारखीच.

“पोरी,” शिगेने दारातूनच विचारलं, “तू आलीस तेव्हा पूल कसा होता गं? बर्फ फार होता का त्याच्यावर?”

“पूल?” योनेने वर पाहिलं. “होता की.”

घरघर पुन्हा सुरू झाली. शिगे टोपली धरून तशीच उभी राहिली. या पोरीच्या भुवईवर लहानपणी पडल्याची खूण होती, मानेवर तीळ होता, बोटं कारखान्यातल्या पाण्याने पांढरी सुरकुतलेली होती. आईने आणखी काय बघायचं असतं?

पण सावलीच्या झाकणावरचे थेंब कमी होत चालले होते. आधी झाकणभर असायचे. मग कडेकडेने राहिले. मग मधे कुठंतरी विरळ. आणि ती वाटणी निवली की योने हात पुढे करायची. “उरलंय ना ते? मला दे.” शिगे द्यायची. पोटच्या पोरीला कोण नाही म्हणेल? योनेच्या गालांवर लाली चढत होती, आणि झाकण कोरडं पडत होतं. या दोन गोष्टींचा काही संबंध आहे हे शिगेला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती निवलेला वाडगा योनेपुढे धरून होती.

त्या संध्याकाळी योने अंगणात बर्फ सारत असताना तिने नवऱ्याला गाठलं.

“अहो, खोपीकडं जाऊन येता?”

“कशाला?”

“बघून या नुसतं. कुणी असेल.”

“कोण असणार तिथं?”

शिगेला नाव घेववेना. ज्या पोरीचं फावडं बाहेर खरखरत होतं, तिचंच नाव कसं घ्यायचं? शेवटी ती म्हणाली, “आपली योने.”

तोमेझोचा आवाज फुटला. “अगं, कुणाची पोर वादळातून परत आली तर तो देवाचे पाय धरतो. आणि तू जिवंत पोरीला घरात बसवून तिचं सुतक शोधायला निघालीस? झाकणं कसली बघतेस? तोंड बघ तिचं!”

“बघितलं.”

“मग?”

“पूल त्या रात्रीच गेला होता, अहो.”

“कुणी बघितला जाताना?” तो म्हणाला. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. मनाने तो वाईट माणूस नव्हता, हेच तर अवघड होतं.

६

दुसऱ्या सकाळी लखलखीत ऊन पडलं. शिगेने सावलीचं ताट वाढलं, दोघांना वाढलं, आणि सरपण आणते म्हणून ती बाहेर पडली. मांड्यांएवढ्या बर्फातून ती दरीच्या वळणापर्यंत पोहोचली तेव्हा तिचे पाय तिचे राहिले नव्हते.

पुलाच्या जागी दोन खांब उभे होते. त्यांच्यामध्ये नुसती पोकळी, खाली न दिसणाऱ्या पाण्याचा आवाज. पलीकडे खोप अर्धी बर्फात बुडालेली. धूर नव्हता. खिडकीची फळी काठीचा टेका देऊन उघडलेली होती.

जाताना कोण उघडी टाकून गेलं असेल, शिगेच्या मनात आलं. तोमेझो असा नाही.

मग डोळे उन्हाला सरावले आणि तिला खिडकीतल्या अंधारात कुणीतरी बसलेलं दिसलं. डोक्यावरून पांघरूण घेतलेलं, अंग मुडपून. त्या व्यक्तीचे दोन्ही हात छातीशी होते, काही गोल धरल्यासारखे. हातांत काही नव्हतं. ते रिकामे हात सावकाश तोंडाशी गेले, कलले, पुन्हा खाली आले. पुन्हा वर गेले. घाईने नाही, पुरवून पुरवून. मग ते हात, तसेच गोल, एका गालाला टेकले. थोड्या वेळाने दुसऱ्या गालाला.

शिगे किंचाळली. काय किंचाळली ते तिला आठवलं नाही. बर्फाने आवाज गिळून टाकला. तरी खिडकीतलं डोकं वर झालं असं तिला वाटलं.

“आई.”

योने तिच्या मागे उभी होती. अंगावर शाल नाही, काही नाही. तिने शिगेची बाही धरली. पकड हलकीच होती, पण सुटेल अशी नव्हती. तिने एकदा दरीपलीकडे पाहिलं.

“कुणी नाही तिथं,” ती म्हणाली.

शिगेने काहीच विचारलं नव्हतं. तिने पुन्हा पलीकडे पाहिलं तेव्हा खिडकीची फळी पडलेली होती.

दुपारी तोमेझो बायकोचं मन राखायला म्हणून वळणापर्यंत जाऊन आला. “धूर नाही, खिडकी बंद. विस्तव नाही तिथं माणूस जगेल का? आणि समजा कुणी असलंच, तर जायचं कसं? वरच्या वाटेवर घर बुडेल एवढा बर्फ आहे. फाल्गुन उजाडल्याशिवाय तिकडं पाखरू जायचं नाही.”

७

जाता येत नव्हतं, पण वाढता येत होतं.

शिगेने मनाशी बाकी सगळं बाजूला सारलं. खोपीत विस्तव नव्हता, शिधा नव्हता. होती ती फक्त इथली आगटी, इथला हंडा, आणि हा एक वाडगा. तिने आपल्या वाटणीचा भात सावलीच्या ताटात घालायला सुरुवात केली. अक्रोड कुटून घातले. उंदरांपासून जपलेला सुक्या माशाचा तुकडा तिने लाकडी रंध्यावर किसला आणि तो पापुद्र्यांसारखा कीस कढणावर सोडला. सणाला सुद्धा घरात एवढं खाल्लं जात नसे. आणि निवलेली वाटणी ती स्वतः गिळायची, पाठ करून, घाईघाईने, चोरासारखी. योनेला ती मिळू द्यायची नाही एवढंच.

थेंब परत आले. आधी कडेला, मग मधे.

आणि योनेचे गाल बसायला लागले. तिच्यापुढे तिची वाटणी रोजची होती, तोमेझो आपल्यातलं काढून तिला घालायचा, तरी ती वाळत चालली. आगटीपाशी ती गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि शिगेच्या डावाकडे बघायची. ती रागावली असती, दात विचकले असते, तर शिगेला सोपं गेलं असतं. ती तसलं काहीच करत नव्हती.

“आई,” एकदा ती हळूच म्हणाली, “मी आले ना?”

“हो.”

“मग माझं तिला का देतेस?”

शिगेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ही जी कोण होती, तीही बर्फातून चालत याच दाराशी आली होती. तिनेही आईच म्हटलं होतं. दोघींना पुरेल एवढं एका हंड्यात का शिजत नाही, हे शिगेला कळत नव्हतं. एकीला घास घातला की तो दुसरीच्या तोंडातून निघत होता, आणि वाढणारा हात तिचाच होता. तिने पोरीच्या केसांवरून हात फिरवला. केस मऊ होते, योनेचेच होते. पण डाव तिने खिडकीकडेच नेला.

८

काळजी आणि बर्फातली पायपीट शेवटी शिगेला भोवली. ताप चढला तो उतरेचना. आतल्या खोलीत पडल्या पडल्या तिला भांड्यांचे आवाज ऐकू यायचे. आता स्वयंपाक तोमेझो करत होता. जन्मात त्याने कधी मिसो वाटला नव्हता. कुंडं त्याच्या गुडघ्यांतून निसटायचं, दांडा खडखड आपटायचा, आणि तो त्या कुंड्याला शिव्या द्यायचा.

“अहो,” ती भिंतीतून पुन्हा पुन्हा विचारायची, “खिडकीशी वाढलंत ना?”

“वाढलं, वाढलं. तू पड.”

मग काही दिवस तिला विचारायचंही भान राहिलं नाही.

शुद्ध आली तेव्हा सकाळ होती. दार सरकलं आणि तोमेझो आत आला. त्याचा चेहरा लहान पोरासारखा उजळला होता. त्याने तळहातावर लाखी झाकण आणलं होतं, सांडू नये म्हणून सांभाळून.

“बघ,” तो म्हणाला. “झाकण झाकण करून जीव खाल्लास ना माझा? म्हणून मुद्दाम झाकणाच्या वाडग्यात वाढलं तिला. बघ आता!”

त्याने ते शिगेच्या हातावर कलतं केलं. थेंब भराभर घरंगळले, एकमेकांत मिसळले आणि तिच्या बोटांवरून खाली गेले. ऊन होते.

“हे कुणाच्या वाडग्यावरचं?”

“कुणाच्या म्हणजे? आपल्या योनेच्या! पोर खुशाल आहे, आता तुझंच झाकण सांगतंय. कशी टवटवीत झालीय, ये बघायला.”

“आणि खिडकीतलं?”

तोमेझो जरा वरमला. “खोटं कशाला बोलू! तू पडलीस तेव्हापासून तिथं काही वाढलं नाही मी. पोर भुकेने कळवळत होती, शिगे. मी बाप आहे तिचा. दोन्ही वाटण्या तिलाच घातल्या.”

शिगे उठली. भिंत धरत ती आगटीपाशी आली. योने तिथंच बसली होती, गाल भरलेले, कपाळावर घामाचे बारीक मणी. शिगेने तिच्याकडे बघितलं नाही. तिने फडताळातून दुसरा वाडगा काढला, हंड्यातलं उकळतं कढण त्यात काठोकाठ घातलं, झाकलं आणि खिडकीशी नेऊन ठेवलं. मग ती त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली. नवरा काहीतरी बोलत होता, तिला ऐकू येत नव्हतं. वाडगा निवेपर्यंत ती हलली नाही.

तिने झाकण उचललं. आतून ते कोरडं ठणठणीत होतं.

तिने ते पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं. बाहीने पुसून पुन्हा ठेवलं. मग ती ते छातीशी धरून पुढे मागे झुलू लागली.

“आई,” आगटीपासून आवाज आला, “अजून वाढ ना.”

शिगेने खिडकीची फळी ढकलून उघडली. थंडगार वारं आत घुसलं. पलीकडे पांढरी दरी होती, खिंड होती, आभाळ होतं. छातीत होता नव्हता तेवढा सगळा श्वास गोळा करून तिने आपल्या पोरीला हाक मारली.

“योनेऽऽ!”

डोंगरातून काही आलं नाही. ती कान देऊन थांबली.

“ओ, आई,” तिच्या पाठीमागून योने म्हणाली.